कुलूप आणि किल्ली

मैत्रिणींनो, परीक्षा तोंडावर आली की आमच्या मनमाडलाही घरोघरी पहिली गदा येते ती मुलांच्या खेळावर! ‘कोच कार्टर’ (२००५) या चित्रपटातले बास्केटबॉलचे कडक सर तेच करतात. संघ सगळे सामने जिंकतोय, पण अभ्यासात मागे. म्हणून खेळाच्या हॉललाच कुलूप! उलट नागपूरच्या विजय बारसे यांच्यावर बेतलेल्या ‘झुंड’मधले (२०२२) सर झोपडपट्टीतल्या मुलांना आधी पैसे देऊन फुटबॉलची गोडी लावतात.

पण कार्टर नुसतं कुलूप लावून मोकळे होत नाहीत हं! मुलांना वाचनालयात अभ्यासाला बसवतात. तेव्हा बॅट कपाटात ठेवलीत, तर पुस्तक घेऊन शेजारी बसा. गणितं सुटली, की बॅट परत द्या. मुलींनासुद्धा!