एकत्वाची श्रद्धा, प्रयोगाची कसोटी

चराचरात एकच तत्त्व भरून राहिले आहे, ही धारणा उपनिषदांपासून संतवाङ्मयापर्यंत आपल्याकडे अखंड वाहत आली आहे. परंतु आज या वारशाचे स्मरण होते ते बहुधा 'हे तर आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होते' एवढे म्हणून समाधान मानण्यासाठी. अशा समाधानाने राष्ट्र पुढे जाते काय? या प्रश्नाचे उत्तर आचार्य जगदीशचंद्र बसू यांच्या जीवनात आहे.

१८८५ साली ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अध्यापक झाले. युरोपीय अध्यापकांपेक्षा कमी वेतन देऊ केले गेले, तेव्हा तीन वर्षे त्यांनी वेतनच स्वीकारले नाही. अध्यापन मात्र एक दिवसही थांबवले नाही. धड प्रयोगशाळा नसताना, स्थानिक कारागिरांच्या हातून उपकरणे घडवून घेत त्यांनी मिलिमीटर लांबीच्या विद्युत्चुंबकीय लहरींवर संशोधन केले.

या लहरी टिपणारे उपकरण सतत वापरल्यास मंदावते आणि विश्रांतीनंतर पुन्हा तरतरीत होते, असे त्यांच्या ध्यानात आले. थकलेल्या स्नायूचे वर्तन याहून वेगळे नसते. सामान्य माणसाने तो उपकरणाचा दोष मानला असता. बसूंना त्यात सजीव आणि निर्जीव यांना जोडणारा धागा दिसला. ही दृष्टी त्यांना संस्कारांतून लाभली होती, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी धातू, वनस्पती व प्राण्यांचे स्नायू यांच्या प्रतिसादांचे आलेख विद्वानांसमोर ठेवले.

पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. शरीरक्रियाशास्त्रातील नामवंतांनी विरोध केला आणि रॉयल सोसायटीने त्यांचा निबंध प्रसिद्ध करण्याचे थांबवले. बसूंनी वेदान्ताची वचने पुढे करून वाद जिंकण्याचा प्रयत्न केला नाही. अधिक सूक्ष्म उपकरणे निर्माण केली. वनस्पतीची वाढ सहस्रावधी पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्याच जिद्दीचे फळ. १९२० साली त्याच रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

त्यांचे सर्वच निष्कर्ष काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. वनस्पतींत रस वर चढण्याची त्यांनी केलेली मीमांसा आज मान्य नाही. वनस्पतींमध्ये विद्युत्संदेश वाहतात, हे मात्र सर्वमान्य आहे. हे सांगितल्याने त्यांची थोरवी उणावत नाही. आपले म्हणणे जगाला तपासता येईल अशा रूपात मांडणे, हाच वैज्ञानिकाचा धर्म होय.

३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कोलकात्यात संशोधन संस्था स्थापन केली आणि तिला केवळ प्रयोगशाळा न म्हणता मंदिर म्हटले. भगिनी निवेदितांच्या प्रेरणेतून आलेले वज्र हे तिचे चिन्ह. दधीचींच्या अस्थींतून घडलेले ते वज्र सांगते की, ज्ञान आयते मिळत नाही. त्यासाठी आयुष्य झिजवावे लागते.

संशोधन व विकासावर आपल्या देशाचा खर्च २०२०-२१ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अवघा ०.६४ टक्के होता. २०२३ साली अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, हे स्वागतार्ह आहे. परंतु सारा भार शासनावर टाकून भागणार नाही. पूर्वजांचा गौरव सांगणाऱ्या प्रत्येक व्यासपीठाने आपल्या गावच्या शाळेतील प्रयोगशाळेचे कुलूप उघडे आहे की गंजले आहे, हेही पाहिले पाहिजे. घरातील मुलाने 'असे का?' विचारले, तर त्याला गप्प न करता पडताळून पाहण्यास शिकवले पाहिजे.

पूर्वजांनी सृष्टीचे एकत्व अनुभवले. ते एकत्व प्रयोगाच्या भाषेत जगापुढे मांडणे हे आपले ऋण आहे, आणि ते भाषणांनी फिटणारे नाही.