मशेरीची डबी आणि दातांचं आरोग्य

तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, चुरायची, चाळून डबीत भरायची. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत मशेरी आजही अशीच तयार होते. भाजताना घरभर ठसका उठतो, लहान मुलं खोकत बाहेर पळतात. मग सकाळी उठल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री भांडी आवरल्यावर बोटावर चिमूटभर मशेरी घेऊन बाई ओट्यापाशी दात घासत बसते. आजीसाठी मशेरी भाजून देता देता नातीलाही ती चव लागते.

मौखिक आरोग्याच्या सल्ल्यात ब्रश, पेस्ट, चूळ हे सगळं येतं. मशेरीचा विषय मात्र क्वचितच निघतो, कारण ती व्यसनात नव्हे, दात घासण्यात मोजली जाते. खरं तर मशेरी म्हणजे तंबाखूच. तिच्यातलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. म्हणून ती लावली की तरतरी येते, आणि नाही लावली तर डोकं धरतं, चिडचिड होते. ‘मशेरीशिवाय पोट साफ होत नाही’ ही बायकांची तक्रारही खोटी नाही. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं आणि शरीराला त्याची सवय लागते. दुखऱ्या दाताला तिने तात्पुरता आराम वाटतो, पण दातातली कीड आत वाढतच राहते. हिरड्या दातांपासून सुटतात, गालाच्या आत पांढरे चट्टे उठतात. धूरविरहित तंबाखूमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नि:संदिग्धपणे सांगितलेलं आहे.

नुकसान तोंडापुरतंही राहत नाही. मुंबईतल्या 1217 गर्भवतींचा अभ्यास 2004 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनी कमी भरलं. यातल्या बहुतेक जणी मशेरी लावणाऱ्या होत्या.

दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये ती उचलून धरली. 2012 मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत कुठलाही कायदा पोहोचत नाही, आणि त्यासाठी बायकांवर खटले भरावेत असं कुणी म्हणणारही नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी 24.4 टक्के धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. म्हणजे जवळपास दर चौघांत एक.

इथे उपयोगी पडेल तो दारात येणारा माणूस. राज्याने 2023 मध्ये सचिन तेंडुलकरला घेऊन ‘स्वच्छ मुख अभियान’ सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण पडद्यावरच्या आवाहनापेक्षा आशाताईचा एक प्रश्न जास्त काम करेल. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की मशेरी लावणारी बाई ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या मते ते खरंच असतं. म्हणून ‘दात कशाने घासता?’ असंच विचारायला हवं. प्रत्येक गर्भवतीच्या पहिल्या तपासणीत हा प्रश्न सक्तीचा असला पाहिजे.

मशेरीच्या जागी काय, याचं उत्तर साधं आहे. मऊ ब्रश, त्यावर वाटाण्याएवढी फ्लोराईडची पेस्ट, दोन मिनिटं, सकाळी आणि झोपण्यापूर्वी. त्यातही रात्रीचं घासणं चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि अडकलेल्या अन्नावर जंतूंना मोकळं रान मिळतं. घासून झाल्यावर पेस्ट थुंकावी, भसाभसा चुळा भरू नयेत. फ्लोराईड दातांवर जितकं राहील तितकं बरं. ब्रशचे केस फाकले की तो बदलावा.

मशेरी सोडताना पहिले काही दिवस अवघड जातात. डोकं दुखेल, पोट कुरकुरेल. अशा वेळी भरपूर पाणी, भाजी-फळं आणि घरच्यांचा समजूतदारपणा लागतो. सुनेने सासूला टोमणे मारून काही साधत नाही. दोघींनी मिळून डबी बंद केली तर जमतं. मदतीसाठी 1800-11-2356 हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि फोन मोफत आहे. घरात कुणी मशेरी लावत असेल, तर हा क्रमांक आजच तिच्या हाती द्या.