‘एंड’ म्हणजे शेवटच?

ॲरिस्टॉटलचे ‘पोएटिक्स’ आम्ही बुचरच्या इंग्रजी भाषांतरावरून शिकवतो. सहाव्या प्रकरणात घटना व कथानक यांना ट्रॅजेडीचा ‘एंड’ म्हटले आहे. तिथे मूळ ग्रीक शब्द ‘टेलॉस’, म्हणजे साध्य. सातव्यात आदि-मध्य-अंत येतो. तिथला ‘एंड’ म्हणजे ‘तेलेउते’, नुसता शेवट. विद्यार्थी दोन्हीकडे ‘शेवट’च लिहितात आणि आम्हीही वर्षानुवर्षे त्याला गुण देत आलो. वास्तविक ‘सिद्धान्त’ या शब्दातला ‘अन्त’ समाप्तीचा नव्हे, निर्णयाचा, हे मराठीच्या वर्गात सांगणे अवघड नव्हते. त्यात ‘शोकांतिका’ हा शब्द रूढ करून (सोयीचा आहे खरा!) आपण सारे लक्ष अखेरच्या मृत्यूवर खिळवले. चौदाव्या प्रकरणात तर ॲरिस्टॉटल, ओळख पटून टळलेली हत्याच श्रेष्ठ ठरवतो. इफिजेनिया भावाला बळी जाण्याआधी ओळखते; तिथे शोकान्त कुठे शोधायचा?