मेनू एकच, तोही विषारी

कॅन्टीनमध्ये सलग दोन दिवस तीच उसळ आली की आमच्या ऑफिसात एचआरला मेल जातो. आता एका अमेरिकन पाहुण्याचं डाएट ऐका. मोनार्क हे केशरी-काळं फुलपाखरू ठाऊक असेलच. त्याचा सुरवंट आयुष्यभर फक्त मिल्कवीड खातो. ही आपल्या रुईच्याच कुळातली, पान तोडलं की पांढरा चीक गाळणारी वनस्पती. दुसरं काहीही चालत नाही. उपाशी मरेल, पण मेनू बदलणार नाही!

पहिला नाश्ता अंड्याच्या कवचाचा. मग साधारण दोन आठवडे नुसती पानं. मध्ये चारदा कात टाकतो, तीही बहुतेक वेळा खाऊनच टाकतो. एवढ्यात वजन वाढतं जवळपास २००० पट. आहे का कुठल्या जिममध्ये असा प्रोग्रॅम?

पण हे जेवण सोपं नाही बॉस. चिकात अडकून कितीतरी पिल्लं मरतात. म्हणून छोटा सुरवंट आधी पानावर गोल खंदक कुरतडतो, चीक वाहून जाऊ देतो आणि मग आतला तुकडा खातो. मोठा झाला की थेट देठच चावून ठेवतो. पान लोंबकळतं, चिकाचा पुरवठा बंद. नळ खोलण्याआधी मेन कॉक बंद करणाऱ्या प्लंबरचा फंडा!

चिकात हृदयावर घाला घालणारं विष असतं. हा पठ्ठ्या ते पचवतो, वर अंगात साठवून ठेवतो. लिंकन ब्रॉवर या शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना मोनार्क खाऊ घातले, तर पक्ष्यांना उलट्या झाल्या. पुन्हा त्यांनी मोनार्कला तोंड लावलं नाही.

मात्र एकाच ताटावर जगणाऱ्याचं ताटच उचललं तर? १९९६पासून अमेरिकेत तणनाशकाला दाद न देणारं सोयाबीन आलं, पाठोपाठ मका. फवारणीत पीक वाचलं, शेतातलं मिल्कवीड गेलं. फुलपाखराला मध कुठल्याही फुलाचा चालतो, पोरांना मात्र तेच पान लागतं. मोनार्क कमी होण्यामागचं हे एक मोठं कारण मानतात. डिसेंबर २०२४मध्ये तिथल्या वन्यजीव खात्यानं त्याला संकटग्रस्त यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला.

आपल्याकडे त्याचा सख्खा चुलतभाऊ आहे, प्लेन टायगर. याची पोरं रुईवर वाढतात. तेच काळे-पांढरे-पिवळे पट्टे. फक्त मोनार्कच्या सुरवंटाला शिंगांच्या दोन जोड्या, याला तीन. शनिवारी मारुतीला आपण रुईची माळ घालतो आणि रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘कंपाउंडजवळचं ते रान काढून टाका’ म्हणतो. आमच्या बिल्डिंगमागे एक रुई आहे. येता-जाता मी तिची पानं उलटून बघतो. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, बाकी हा टाइमपास एकदम फुकट. तेव्हा पुढच्या वेळी माळी कोयता घेऊन आला, की त्याला आधी चहा पाजा आणि तेवढ्यात पानं तपासा. कुणाचं तरी जेवण चालू असेल.