ऑपरेशन झाले, पण तालुक्याच्या खात्यावर जमा झाले का?

जीएसटी भरणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक आहे. आपण माल घेतला, पैसे चुकते केले, पक्के बिलही हातात आहे. पण माल देणाऱ्याने आपले विवरणपत्र भरले नाही, तर आपल्याला वजावट मिळत नाही. व्यवहार खरा असूनही कागदावर नसतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील मोतीबिंदूच्या ऑपरेशनांचेही असेच होऊ नये, म्हणून हे लिहीत आहोत.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. सरकारी दवाखाना, ट्रस्टचे रुग्णालय आणि खाजगी डॉक्टर अशा तिघांनीही केलेल्या ऑपरेशनांचा हिशेब जिल्ह्याकडे जावा, अशी त्याची पद्धत आहे. ज्या संस्थेला सरकारी अनुदान घ्यायचे असते, तिला प्रत्येक रुग्णाची नोंद द्यावीच लागते. ज्या डॉक्टरला अनुदान नकोच, त्याला हा कागद भरण्यात फायदा दिसत नाही. गफलत होण्याची जागा हीच.

यात आमचे काय जाते, असे कोणी विचारील. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या शंभरांत सुमारे दोन माणसे अंध आढळली, आणि त्यांच्यातील तीनांत दोघांचे कारण मोतीबिंदू होते. म्हणजे ऑपरेशनने दृष्टी परत येऊ शकेल अशी ही माणसे. सुईत दोरा ओवता येईना की शिंप्याची मजुरी निम्म्यावर येते. रफू करणारा, जरीकाम करणारा, वेल्डिंगवाला, घड्याळ दुरुस्त करणारा, सगळ्यांचे भांडवल डोळा आहे. कोणत्या तालुक्यात किती माणसे अजून ऑपरेशनविना आहेत, हे कळले तरच नेत्र चिकित्सा अधिकारी कुठे द्यायचा आणि शिबिर कुठे भरवायचे, हे नीट ठरू शकते.

आता आपल्याकडची अडचण पाहा. टोकावड्याची म्हातारी मुलीकडे कल्याणला राहून डोळा करून घेते आणि पत्ता कल्याणचा देते. खर्डीचा माणूस कसारा लोकल पकडून थेट मुंबई गाठतो. ऑपरेशन होते, दिसूही लागते. पण मुरबाड-शहापूरच्या खात्यावर काही जमा होत नाही. दुसरे असे की, नोंद डोळ्यांची होते, माणसांची नाही. दहा सदरे विकले म्हणजे दहा गिऱ्हाइके झाली, असे आम्ही धरत नाही. मग दोन ऑपरेशने म्हणजे दोन माणसे की एकाच माणसाचे दोन डोळे, हे नाव-गाव लिहिल्याशिवाय कसे कळणार? २०२१ साली जागतिक आरोग्य परिषदेने २०३० साठी जे उद्दिष्ट ठरवले, त्यातही ऑपरेशननंतर माणसाला चांगले दिसते का, हे धरले आहे. तेव्हा आधीची आणि नंतरची नजर, दोन्ही लिहिणे आले.

डॉक्टरांची बाजूही रास्त आहे. तालुक्याच्या गावी एक डॉक्टर, एक कंपाउंडर; सकाळपासून रांग. कारकून ठेवणे परवडत नाही. रुग्णालाही नाव सरकारात गेले की काय होईल, ही धास्ती असते. ही धास्ती दटावून जात नाही. कागद कशासाठी आणि कोणाकडे जाणार, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले तर जाते.

आमच्या मते व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी कराव्यात. शिबिराला वर्गणी देताना अट घालावी की, प्रत्येक रुग्णाचे मूळ गाव व तालुका लिहिला जाईल आणि यादी जिल्ह्याकडे पोचेल. शिबिराचा फोटो छापून येतो, पण फोटोवरून कोणाचा दुसरा डोळा राहिला ते कळत नाही. दुसरे, आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना महिन्यातून एक दिवस आपला मुनीम द्यावा. मात्र रुग्णाची माहिती दवाखान्याबाहेर जाणार नाही, ही जबाबदारी त्याने पाळावी. तिसरे, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचे ऑपरेशन मुंबईत झाले तरी पत्ता गावचाच लिहावा.

वही लिहिल्याशिवाय दुकान चालत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. तीच शिस्त डोळ्यांच्या बाबतीत आपण डॉक्टरांकडे मागावी, आणि ती पाळायला त्यांना हातभारही लावावा.