ओळख पटल्याशिवाय चेक वटवू नये

परवा टेक्सासहून पुतण्याचा फोन आला. तिकडे शेतं उकरणाऱ्या रानडुकरांची रात्रीही शिकार करता येते. म्हणाला, "काका, दिवसाच्या दुर्बिणीपुढे बसणारा थर्मल क्लिप-ऑन घेऊ का?"

घे. दुर्बीण काढावी लागत नाही, ही त्याची सोय. पण दुर्बिणीची पट वाढवली की चित्र फुटतं. म्हणून कमी पटीचीच दुर्बीण हवी.

खरी गोष्ट पुढेच आहे. थर्मलला दिसते ती अंगाची ऊब. लांबून डुक्कर की वासरू, सांगणं अवघड. आमच्या काकांनी शिवपुरी रस्त्यावर बॅटरीत चमकलेल्या डोळ्यांवर बार टाकला. निघाली एका गरिबाची गाय! भरपाई दिली, पण काकांनी पुन्हा बंदूक उचलली नाही.

म्हणून माझं मत: आधी हातात धरायचा थर्मल घ्यावा, जनावर ओळखावं, मागे काय आहे ते पाहावं, मगच बंदूक उचलावी. आपल्याकडे तर १९७२ च्या कायद्यानंतर हा शौकच संपला. शिंदे सरकारांच्या शिकारी जिथे चालत, त्या माधव उद्यानात २०२३ मध्ये वाघ पुन्हा आणून सोडले. बरंच झालं!

बँकेत सही जुळल्याशिवाय आम्ही चेक वटवला नाही. तो निदान परत करता यायचा. गोळी परत येत नाही.