न्यायाची पायरी आणि कारकुनाचे शिक्षण

न्यायालय म्हटले म्हणजे आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढे न्यायाधीश व वकील हे दोघेच उभे राहतात. परंतु उधारीच्या वसुलीकरिता ज्या व्यापाऱ्याने एकदा तरी दिवाणी न्यायालयाची पायरी चढली आहे, त्यास न्यायाचा अनुभव येतो तो बहुधा तिसऱ्याच माणसांच्या हातून. दावा दाखल करून घेणारा कारकून, साक्ष टिपणारा लघुलेखक, समन्स बजावणारा बेलिफ व वसुली पाहणारा नाझर यांच्यावाचून हुकूमनामा हा निव्वळ कागद होय.

डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील जिल्हा न्यायालयांकरिता ४,६२९ जागांची जाहिरात दिली. त्यांत २,७९५ जागा कनिष्ठ लिपिकांच्या होत्या. लिपिकाची वेतनश्रेणी १९,९०० ते ६३,२०० रुपये, लघुलेखकाची ३८,६०० ते १,२२,८०० व शिपायाची १५,००० ते ४७,६००, भत्ते निराळे. लिपिकाकडून मिनिटास इंग्रजी ४० व मराठी ३० शब्दांच्या टंकलेखनाची गती मागितली होती. बोटांची ही परीक्षा रास्तच आहे. परंतु बोटांपलीकडील ज्ञानाचे काय?

बेलिफाचेच उदाहरण घ्या. प्रतिवादी घरी न सापडल्यास समन्स दारावर केव्हा डकवावे व अहवाल कसा लिहावा, हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत सांगितले आहे. समन्स रीतसर बजावले गेलेच नव्हते असे पुढे सिद्ध झाले, तर एकतर्फी हुकूमनामा रद्द होतो आणि वर्षांचे श्रम मातीस मिळतात. एवढी जोखमीची विद्या नवा नोकर बहुतांशी शेजारच्या जुन्या माणसाकडून शिकतो. आणि त्याच्या चांगल्या सवयींबरोबर वाईटही उचलतो.

कोणी म्हणेल, सरकारच्या तिजोरीस हा खर्च झेपणार कसा? ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. यंत्रास पैसा मिळतो, तर ते चालविणाऱ्या माणसास का मिळू नये? १९९६ च्या शेट्टी आयोगाने न्यायाधीशांबरोबर न्यायालयीन नोकरवर्गाचाही विचार केला होता; २०१७ च्या दुसऱ्या आयोगाकडे मात्र न्यायाधीशांचाच प्रश्न सोपविण्यात आला. ही उणीव भरून निघालीच पाहिजे.

आमच्या मागण्या तीन आहेत. नेमणुकीनंतर टेबल देण्यापूर्वी काही महिन्यांचे सवेतन प्रशिक्षण द्यावे. बढतीत सेवाज्येष्ठतेबरोबरच प्रक्रियेच्या परीक्षेस खरे वजन असावे. आणि बेलिफास फिरतीचा खर्च पुरेसा व वेळेवर मिळावा. कारण तो न मिळाल्यास पक्षकाराच्या खिशाकडे पाहण्याचा मोह उत्पन्न होतो.

या शेवटच्या बाबतीत आमच्या व्यापारी बंधूंसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. नक्कल लवकर मिळावी म्हणून चिरीमिरी पुढे करावयाची आणि सायंकाळी ओट्यावर बसून कारकुनांस शिव्या द्यावयाच्या, हा दुटप्पीपणा होय. पुरता पगार, पुरते शिक्षण व कडक शिस्त ही तिन्ही मागण्याचा अधिकार त्यासच आहे, ज्याने देणाऱ्याचा हात प्रथम आवरला आहे.